धबधब्याची ट्रिप विकताय? मग आधी 'आज नाही'ची किंमत लावा



जून संपत आला की माझ्या फोनवर एकाच धाटणीचे मेसेज यायला लागतात. "सर, सहस्रकुंडची वन-डे ट्रिप सुरू करतोय, रेट किती ठेवू?" नांदेडचे असतात, लातूरचे असतात, आता उदगीर आणि अहमदपूरचेही यायला लागलेत. आणि मला ते आवडतं. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, त्या लातूरची माणसं लेकराबाळांना घेऊन भरलेली नदी बघायला निघतात. यात धंदा आहेच. मागणी खरी आहे, भांडवल कमी लागतं, जागा आपल्याच मुलखात आहे.

पण 'रेट किती' या प्रश्नाचं उत्तर मी यंदा नेहमीसारखं देणार नाही. खर्च अधिक नफा बरोबर भाव, हे आपण व्हिडिओत पन्नास वेळा केलंय. धबधब्याच्या ट्रिपला ते सूत्र तसंच लावलं तर ते माणसं मारू शकतं. का, ते आमच्या लातूरच्या बॅचमधल्या एका मुलाच्या हिशोबातून सांगतो. नाव घेत नाही. पोरगा चांगला आहे.

सतरा सीटची गाडी, सोळा गिऱ्हाइकं, माणशी १,५०० रुपये. जमा २४,०००. गाडी डिझेल-ड्रायव्हरसकट ११,०००. नाश्ता, जेवण, दोन वेळचा चहा मिळून ४,८००. इस्लापूरकडचे दोन स्थानिक गाइड, २,०००. ग्रुपचा अपघात विमा, लाइफ जॅकेटची झीज, औषधांची पेटी १,२००. जाहिरात आणि फोन १,०००. एकूण २०,०००. हातात उरले ४,०००. रविवारचे चार हजार, वाईट नाही. रेट सगळ्यांच्या बरोबरीनं. पहिल्यांदा हा कागद बघितला तेव्हा मीही शाबासकी दिली होती, हे कबूल करतो.

मग एका रविवारी काय झालं, ते त्यानंच मला सांगितलं. पहाटे तीनला लातूर सोडलं, वाटेत नांदेडला नाश्ता, तिथून भोकर-हिमायतनगरमार्गे आठच्या पुढे ठिकाणावर. गाइड खालीच उभा होता. म्हणाला, "दादा, आज खडकावर उतरू नका. पाणी लाल झालंय आणि चढायलंय." वर ऊन पडलेलं. गाडीतल्या लोकांनी आभाळ बघितलं आणि हसले. "पाच तास बसून आलोत, पैसे दिलेत, जरा पाय तरी बुडवू द्या." आपल्या पोरानं गाइडकडं बघितलं, लोकांकडं बघितलं आणि म्हणाला, "दहा मिनिटं."

ज्या खडकावर बॅगा ठेवल्या होत्या तो वीस मिनिटांत पाण्याखाली गेला. दोन बॅगा आणि एक मोबाइल गेला. आठ वर्षांच्या एका मुलीला गाइडनं दंडाला धरून वर ओढलं. तिचा खांदा महिनाभर दुखत होता. माणूस कोणी गेलं नाही.

मी विचारलं, "तू नाही का म्हणाला नाहीस?" त्याला नदी कळत नव्हती असं नाही. तो म्हणाला, "सर, नाही म्हणलं असतं तर चोवीस हजार परत द्यावे लागले असते. आणायचे कुठून?"

बघा, इथं खरी गोष्ट आहे. निर्णय त्यानं नदीकाठी घेतलाच नव्हता. तो दोन महिन्यांपूर्वी रेट ठरवताना कागदावर झाला होता. त्या कागदात रद्द करायला जागाच नव्हती.

आता नदीबद्दल थोडं, कारण हा धंदा करायचा तर आभाळ बघून चालत नाही, नकाशा बघावा लागतो. पैनगंगा उगवते बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत. तिथून वाशीम, मग हिंगोली-यवतमाळच्या सीमेवरून खाली. वाटेत इसापूरचं धरण. धरणाच्या खाली कयाधू येऊन मिळते. एवढं सगळं पाणी घेऊन ती किनवट तालुक्यात इस्लापूरजवळ येते आणि काळ्या खडकावरून फुटून खाली पडते. अलीकडं नांदेड जिल्हा, पलीकडं यवतमाळ. म्हणजे तुमच्या डोक्यावर ऊन असेल, पण पाऊस काल रात्री वाशीमला झालेला असतो. किंवा पाऊस कुठंच नसतो, इसापूरचे दरवाजे उघडलेले असतात. विसर्ग वाढवायचा असला की प्रशासन नदीकाठच्या गावांना इशारा देतं. तो इशारा शनिवारी संध्याकाळी बघणं हा ट्रिपवाल्याच्या कामाचा भाग आहे, जसं गाडीचं टायर बघणं. वरचं पाणी काय करतं ते आपण ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात बघितलंच. तिकडं लातूर-उदगीर आणि कर्नाटकात कोसळलेला पाऊस लेंडीतून इकडं गावांत शिरला होता.

त्या गाइडचा एक ठोकताळा मला फार आवडला. म्हणाला, धारा वेगवेगळ्या मोजता आल्या तर काठावर जायचं, सगळं मिळून एकच पांढरं-तांबडं दिसायला लागलं की लांबून नमस्कार करायचा. ही माणसं तिथं वाढलेली आहेत. किनवट भागात आंध, गोंड, कोलाम वस्त्या आहेत, बंजारा तांडे आहेत, नदीवर मासे धरणारे आहेत. तुमच्या दोन हजारांत तुम्ही त्यांचं हेच डोळ्यांनी पाणी वाचणं विकत घेताय. रस्ता तर गूगलही दाखवतो.

आणि इथंच बहुतेक जण चुकतात. गाइडला पैसे कधी देता? ट्रिप झाली तर. रद्द झाली तर शून्य. म्हणजे त्यानं 'आज नको' म्हणायचं आणि स्वतःचीच मजुरी बुडवायची. तरीही आपल्या पोराचा गाइड नको म्हणाला, हा त्या माणसाचा मोठेपणा. तुमच्या धंद्याची रचना त्याच्या मोठेपणावर उभी राहू नये. रद्द झालेल्या दिवशीही गाइडला पूर्ण मजुरी द्या, आणि पाण्याजवळ जायचं की नाही यात शेवटचा शब्द त्याचा, हे बुकिंग घेतानाच गिऱ्हाइकाला लिहून कळवा. मालक म्हणून तुम्हालाही तो शब्द मोडता येणार नाही, असं लिहा.

आता त्याच कागदावर परत येऊ. आदल्या दिवशी ट्रिप रद्द केली तर काय जातं? गाडीचा अॅडव्हान्स ४,०००, गाइड २,०००, जाहिरात १,०००, जेवणाची दिलेली इसार १,०००. एकूण ८,००० खिशातून, म्हणजे दोन ट्रिपांची कमाई. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत दहा रविवार धरा. त्यातले तीन पाण्यामुळं रद्द करावे लागले, तर सात ट्रिपांचे २८,००० मिळाले, तीन रद्दचे २४,००० गेले. अख्ख्या सीझनची कमाई चार हजार! मग तो पोरगा रविवारी सकाळी नदीकाठी नाही कसं म्हणेल? तुम्ही तरी म्हणाल का? मी त्या वयात म्हणालो असतो असं छातीठोकपणे सांगू शकत नाही.

माणशी ४०० रुपये वाढवा. १,९००. एका ट्रिपमागं ६,४०० जास्त, म्हणजे हातात १०,४००. सात ट्रिपांचे ७२,८००, त्यातून रद्दचे २४,००० वजा केले तरी ४८,८०० उरतात. आणि मुख्य म्हणजे पहिल्या पाच ट्रिपांतून माणशी चारशे वेगळ्या खात्यात टाका. ३२,००० होतात. ते तुमचे नाहीत, ते 'आज नाही'चे आहेत. सुरुवातीलाच पाऊस आडवा आला तर हे खातं रिकामं असेल, म्हणून थोडं घरचं भांडवल आधीच घालून ठेवा. गाडीवाल्याशीही बोलून घ्या. पाण्यामुळं ट्रिप रद्द झाली तर अॅडव्हान्स पुढच्या तारखेला वळता, एवढं तो सहसा मान्य करतो, कारण त्यालाही पुढचा रविवार हवा असतो.

"सर, १,९०० लावले तर शेजारचा १,४०० मध्ये गाडी भरतो." भरू द्या. यावर माझ्याकडं जादूचं उत्तर नाही, काही गिऱ्हाइकं जातीलच. पण लातूरच्या आई-बापाला तुम्ही ओळखता ना? लेकराच्या क्लाससाठी तो गावातला सगळ्यात स्वस्त क्लास शोधत नाही. चौकशी करतो, चार जणांना विचारतो आणि मग फी भरतो. त्याला तुम्ही ट्रिपच्या वेळी फक्त धबधब्याचा फोटो आणि रेट पाठवता. त्याला सांगा ना, की आमचा गाइड नको म्हणाला तर आम्ही परत फिरतो आणि पैसे संध्याकाळपर्यंत खात्यावर. ही ओळ जाहिरातीत टाकायला लोक घाबरतात. अपशकुन वाटतो म्हणे!

आणि ती जाहिरात करताना खोटं लिहू नका. 'मराठवाड्याची आंबोली' असलं पोस्टर मी बघितलंय. आंबोलीचं जंगल सदाहरित, किनवटचं पानझडी, सागाचं. दोन्ही सुंदर, पण वेगवेगळी. रीलमध्ये दिसतात तशा खडकावरच्या घसरगुंड्या बघून काही जण 'नॅचरल वॉटरस्लाइड'ही लिहायला लागलेत. माझं स्पष्ट मत आहे, पावसाळ्यात पैनगंगेवर कुणालाही घसरवू नका, लाइफ जॅकेट घालूनही नाही. घसरगुंडी तिथंच चालते जिथं खालच्या डोहाची खोली माहीत आहे, तळ दिसतो, पाणी बेताचं आहे आणि माणूस एकेक करून सोडता येतो. गढूळ पुरात यातलं काहीच नसतं. सहस्रकुंड ही पावसाळ्यात लांबून बघायची गोष्ट आहे, आणि बघण्याचेही पैसे लोक आनंदानं देतात.

विश्वास नसेल तर गोव्याकडं बघा. दूधसागर ३१० मीटरचा, भर पावसात त्याचं रूप सगळ्यात देखणं. पण कुळ्याहून जाणाऱ्या जीप पावसाळ्यात बंद असतात, पाणी ओसरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय नेत नाहीत. ऐन बहरात दुकान बंद ठेवूनही कुळ्याच्या जीपवाल्यांचा धंदा चाललाय. (नियम मोडणारे तिथंही आहेत. जुलै २०२३ मध्ये रुळांवरून चालत निघालेल्यांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या.) उलट बाजूला लोणावळा. ३० जून २०२४, भुशी धरणामागचा धबधबा, एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. त्यांच्याबरोबर गाइड नव्हता. मागं फिरा म्हणणारं कुणीच नव्हतं. त्यानंतर पुणे जिल्ह्यात मनाईचे आदेश निघाले. आपल्याकडं असं काही झालं तर आदेश निघेल तो सगळ्यांसाठी, नीट धंदा करणाऱ्यासाठीसुद्धा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं आहे, आणि साहसी खेळ घेणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करावी लागते. नुसतं काठावरून दाखवणार असाल तर गोष्ट वेगळी, दोर बांधून उतरवणार असाल तर आधी तिकडं जाऊन या.

राहिला प्रश्न, निघाल्यावर वाटेत कळलं तर काय करायचं. गाडी लातूरला परत फिरवायची नाही. इस्लापूरच्या पुढं किनवट आहे, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आहेत, माहूरला रेणुकामाता आहे, गड आहे, पांडवलेणी आहेत. हा दुसरा बेत बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, जेवणाची सोय तिकडंही बोलून ठेवा. ज्याला तो नको असेल त्याचे पैसे परत.

आपल्या पोरानं पुढच्या सीझनला हे केलं. रेट १,९००. दुसऱ्याच रविवारी इसापूरचा विसर्ग वाढला, गाइडचा फोन आला, गाडी भोकरच्या पुढं होती. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि सगळ्यांना सांगितलं. दोन कुटुंबं चिडली, एकानं ग्रुपवर बरंच काही लिहिलं. बाकीचे माहूरला गेले. चिडलेल्यांचे पैसे त्यानं गाडी नांदेडला परत यायच्या आत टाकले आणि मला फोन केला. "सर, आज ६,४०० चा फटका बसला," म्हणाला, "पण रात्री झोप लागंल बगा."