खेपांची वाटणी

आमच्या महाविद्यालयाच्या मुलींच्या कबड्डी संघात मी चढाई करते, असे म्हणण्यापेक्षा मला चढाईला पाठवतात, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. चढाई करणाऱ्या आम्ही तिघी. पैकी दोघी नावाजलेल्या. माझी ख्याती एवढीच, की समोर सहा-सातजणी उभ्या असल्या की बोनस रेषा ओलांडून मी सहीसलामत परत येते. गेल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यात मला चार वेळा पाठवले, चारही वेळा बोनससाठी. पाचव्यांदा मी आपणहून पुढे सरसावले तेव्हा कर्णधार म्हणाली, "तू थांब, आता गडी मारायचाय. ते तुझं काम नाही."

हे गाऱ्हाणे वार्षिकांकात मांडून सहानुभूती मिळवावी असा हेतू नाही. पण त्या रात्री मी ते फोनवर दादाला सांगितले. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. तो अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस गावी शिकतो. तो हसू लागला. म्हणाला, "अगं, इथे अख्खं गाव वर्षभर याच प्रश्नावर भांडत होतं." तेव्हापासून मी त्यांचे सामने रात्री जागून पाहू लागले, आणि जे पाहिले त्यावरून माझे काही मत झाले आहे. तेच येथे मांडते.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पायाचा आणि चेंडूचा संबंध बेताचाच. अकरा-अकरा खेळाडू, शंभर यार्डांचे मैदान. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन. चेंडू प्रथम क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तो एक तर लांब फेकतो, किंवा मागे उभ्या असलेल्या 'रनिंग बॅक'च्या पोटाशी देतो. मग त्या गड्याने चेंडू कवटाळून समोरच्या माणसांच्या भिंतीत मुसंडी मारायची. अशा एका मुसंडीला तिकडे 'कॅरी' म्हणतात. मी तिला खेप म्हणणार आहे. आमच्याकडे पाण्याच्या हंड्याला जो शब्द आहे तोच. श्रमही त्याच जातीचे. एका सामन्यात संघाच्या वाट्याला अशा साधारण तीस-चाळीस खेपा येतात. मोठी विद्यापीठे देशभरातून मुले हेरून आणतात, त्यामुळे दुसरीकडे राजा ठरला असता असा गडी येथे दुसरा किंवा तिसरा म्हणून उभा असतो. चेंडू मात्र एकच.

दादाच्या गावचे भांडण असे होते. ओहायो स्टेट विद्यापीठाकडे ट्रेव्हियन हेंडरसन हा आधीपासूनचा गडी होता. २०२१ साली, पहिल्याच वर्षी, त्याने बाराशेच्या वर यार्ड काढले होते. पुढच्या वर्षी पायाच्या दुखापतीने तो बेजार झाला. २०२४ च्या हंगामासाठी विद्यापीठाने मिसिसिपी विद्यापीठातून क्विनशॉन जडकिन्सला आणले. जडकिन्सने तिकडे २०२२ मध्ये २७४ आणि २०२३ मध्ये २७१ खेपा एकट्याने ओढल्या होत्या. एका म्यानात दोन तलवारी, असे जो तो म्हणू लागला. प्रत्यक्षात घडले ते असे: सोळा सामन्यांत जडकिन्सच्या १९४ खेपा आणि १,०६० यार्ड, हेंडरसनच्या १४४ खेपा आणि १,०१६ यार्ड. २० जानेवारी २०२५ रोजी नोत्र दाम विद्यापीठाला ३४–२३ असे हरवून संघ राष्ट्रीय विजेता झाला. त्या सामन्यात जडकिन्सने अवघ्या ११ खेपांत शंभर यार्ड काढले; त्यांतले सत्तर एकाच खेपेत. पुढे व्यावसायिक लीगच्या निवडीत जडकिन्स ३६वा आणि हेंडरसन ३८वा गेला.

या निवडीच्या आकड्यांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण प्रश्न नुसता हौसेचा नाही. खेपेच्या शेवटी शंभर-शंभर किलोंचे दोन-तीन गडी धावणाऱ्याच्या अंगावर कोसळतात. गुडघे, घोटे, खांदे यांना किती खेपा सोसतील याला मर्यादा आहे. शाळा सुटल्यावर तीन वर्षे लोटल्याशिवाय व्यावसायिक लीगचे दार उघडत नाही, म्हणजे पायांतली पहिली तीन वर्षांची ताकद महाविद्यालयाला द्यावीच लागते. २०२१ पर्यंत त्याबदल्यात शिष्यवृत्तीखेरीज काही मिळत नसे. त्या वर्षी खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ पासून विद्यापीठे स्वतःही त्यांना पैसे देऊ शकतात. तरीही मोठी मिळकत पुढेच असते. तेव्हा खेपा कमी मिळाल्या तर आपले कसब दिसायचे कसे, आणि जास्त मिळाल्या तर शरीर उरायचे कसे, हा पेच विशीतल्या मुलापुढे असतो. तो सोडवणारा प्रशिक्षक मात्र दुसऱ्याच हिशेबाने, म्हणजे शनिवारचा सामना जिंकण्याच्या हिशेबाने विचार करीत असतो.

वाटणी करावी, या मताची मी आहे. १९४५ साली आर्मीच्या संघात डॉक ब्लँचर्ड आणि ग्लेन डेव्हिस हे दोघे एकत्र धावत. डेव्हिसला त्या सबंध हंगामात ८२च खेपा मिळाल्या, आणि त्याची सरासरी दर खेपेस साडेअकरा यार्ड पडली. वर्षातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारा हाइसमन करंडक १९४५ साली ब्लँचर्डने आणि १९४६ साली डेव्हिसने घेतला. ऑबर्न विद्यापीठाचे २००४ सालचे उदाहरण तर मला फारच आवडते. कार्नेल विल्यम्सला २३९ खेपा, रॉनी ब्राऊनला १५३. संघ तेराही सामने जिंकला, आणि व्यावसायिक निवडीत कमी खेपांचा ब्राऊन दुसरा गेला, जास्त खेपांचा विल्यम्स पाचवा. ब्राऊन फेकलेले चेंडूही झेली, दुसऱ्यासाठी वाटही करून देई. पाहणाऱ्यांनी ते सगळे पाहिले होते.

पण वाटणी दोन तऱ्हेची असते, आणि माझे सारे म्हणणे या फरकापाशी येऊन थांबते. एका तऱ्हेत दोन्ही गडी पुरते गडी राहतात: आज हा, उद्या तो, दमला की दुसरा, दोघांनीही सगळी कामे करायची. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येकाच्या कपाळावर एक चिठ्ठी डकवली जाते. हा अंगापिंडाचा, याने मधून घुसायचे. तो चपळ, त्याने कडेने पळायचे. ब्लँचर्ड-डेव्हिस जोडीलाच वृत्तपत्रांनी 'श्रीयुत आतले' आणि 'श्रीयुत बाहेरचे' अशा अर्थाची नावे ठेवली होती. नावे गमतीची असतात तोवर ठीक. एखाद्या दिवशी प्रशिक्षकच ती खरी मानू लागतो.

४ जानेवारी २००६ च्या रात्री पॅसाडिना येथील रोझ बोल मैदानावर हेच झाले असे मला वाटते. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ ओळीने चौतीस सामने जिंकून आले होते. त्यांच्याकडे रेजी बुश आणि लेनडेल व्हाइट. लोक त्यांना वीज आणि गडगडाट म्हणत. त्या हंगामात दोघांच्या खेपा जवळजवळ सारख्या, दोनशेच्या आसपास. बुशची सरासरी ८.७ यार्ड, व्हाइटच्या नावावर २४ टचडाउन. वाटणी म्हणावी तर काट्यावर तोललेली. समोर टेक्सास. दोन मिनिटांच्या थोडा वर वेळ उरला असताना सदर्न कॅलिफोर्निया ३८–३३ असे पुढे होते. चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवेत. मिळाले तर सामना संपल्यातच जमा.

चेंडू व्हाइटला दिला. तो अडवला गेला. टेक्सासने चेंडू घेतला, आणि एकोणीस सेकंद उरले असताना त्यांचा क्वार्टरबॅक व्हिन्स यंग स्वतः धावत टचडाउन करून गेला. ४१–३८.

व्हाइटला दिला हे चुकले, असे मी म्हणत नाही. त्या रात्री त्याने १२४ यार्ड आणि तीन टचडाउन काढले होते. चेंडू त्याचाच होता. पण त्या क्षणी रेजी बुश मैदानावर नव्हता. हाइसमन करंडकाने ज्याचा नुकताच सन्मान झाला होता (तो पुढे २०१० मध्ये गेला आणि २०२४ मध्ये परत मिळाला, ती कथा निराळी), तो रेषेबाहेर उभा राहून पाहत होता. बुश आत असता तर त्याला चेंडू न देताही टेक्सासच्या दोन-तीन गड्यांना त्याच्यावर डोळा ठेवावा लागला असता. तो बाहेर असल्यामुळे सगळ्यांना ठाऊक झाले की चेंडू कोणाकडे आणि कुठून जाणार. दोन यार्डांचे काम जड गड्याचे, हलक्याचे नव्हे! 'आता गडी मारायचाय, ते तुझं काम नाही' हे वाक्य मला त्या चित्रफितीत ऐकू आले. अर्थात माझी आणि बुशची बरोबरी एवढ्यापुरतीच.

योगायोग असा की याच मैदानावर बारा वर्षांनी, १ जानेवारी २०१८ रोजी, मला हवी असलेली वाटणी दिसली. जॉर्जिया विद्यापीठाचे निक चब आणि सोनी मिशेल. २०१५ मध्ये टेनेसीविरुद्ध चबचा गुडघा निखळला, तेव्हा भार मिशेलने उचलला. २०१६ नंतर दोघेही व्यावसायिक लीगकडे जाऊ शकत होते. दोघेही चौथ्या वर्षासाठी थांबले. २०१७ च्या हंगामात चबच्या २२३ खेपा, मिशेलच्या १५६, आणि दोघांचेही यार्ड हजाराच्या खूप वर. ओक्लाहोमाविरुद्धच्या या सामन्यात मध्यंतराला जॉर्जिया ३१–१७ ने मागे होते. चौथ्या सत्रात ३८–३८ अशी बरोबरी असताना मिशेलच्या हातून चेंडू सुटला, आणि ओक्लाहोमाच्या गड्याने तो उचलून थेट टचडाउन केला. अशा वेळी प्रशिक्षक काय करतो? बाहेर बसवतो. "हाताला भरवसा नाही" ही चिठ्ठी त्या पोराला जन्मभर पुरते.

शेवटच्या मिनिटात चबने टचडाउन करून बरोबरी साधली. मित्राची चूक त्याने निस्तरली, एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण जादा वेळेच्या दुसऱ्या फेरीत, ओक्लाहोमाची किक अडवल्यावर, क्वार्टरबॅकला वगळून चेंडू थेट मिशेलच्या हाती दिला गेला. तो सत्तावीस यार्ड धावत गेला आणि सामना ५४–४८ असा जिंकला. त्या दिवशी त्याच्या ११ खेपांत १८१ यार्ड. चबच्या १४ खेपांत १४५. आठवडाभराने अंतिम सामन्यात ते अलाबामाकडून २६–२३ असे हरले, हेही सांगितले पाहिजे.

आमच्या जिमखान्यात हे बोलले की कुणीतरी बॅरी सँडर्सचे नाव काढतेच. थर्मन थॉमसच्या सावलीत दोन वर्षे काढल्यावर १९८८ मध्ये ओक्लाहोमा स्टेटने त्याला सबंध चेंडू दिला, आणि अकरा सामन्यांत त्याने २,६२८ यार्ड केले. २०२४ मध्ये बॉइझी स्टेटचा अॅश्टन जेंटी चौदा सामने खेळूनही त्याच्या सत्तावीस यार्ड मागे राहिला. वाटणी केली असती तर हा विक्रम झाला नसता, हे मान्य. अलाबामाच्या डेरिक हेन्रीने २०१५ मध्ये ३९५ खेपा ओढल्या, त्यांतल्या ऑबर्नविरुद्ध एकाच सामन्यात ४६. तरी तो पुढे वर्षानुवर्षे व्यावसायिक लीगमध्ये धावत राहिला. हेन्रीच्या शरीराचा मनुष्य दर वर्षी जन्मत नाही, आणि त्याच्याकडे बोट दाखवून दुसऱ्याच्या पोराला ४६ खेपा देणे मला क्रूर वाटते. सँडर्सबाबत मात्र माझ्यापाशी धड उत्तर नाही. काही माणसांना सबंध चेंडू मिळालाच पाहिजे, एवढेच म्हणते.

न्यायाचा एक मजेदार मार्ग टेक्सासने १९६८ साली काढला होता. डॅरेल रॉयल हे तेथील प्रशिक्षक. क्वार्टरबॅकच्या मागे तीन धावणारे, इंग्रजी व्हायच्या आकारात. चेंडू कोणाला द्यायचा हे आधी ठरवायचेच नाही. बचावाचा कोणता गडी कुणीकडे झेपावतो ते पाहून क्वार्टरबॅकने पळता पळता ठरवायचे. म्हणजे वाटणी प्रतिपक्षच करणार! या रचनेवर टेक्सास ओळीने तीस सामने जिंकले. तिघांपैकी कुणालाही प्रशिक्षकाशी भांडायला जागा नव्हती. आमच्या प्राध्यापक मंडळींनी गुणदानासाठी असे काही शोधून काढले तर विद्यार्थी ऋणी राहतील.

आणखी एक नाव सांगून थांबते. अॅल्विन कमारा. २०१३ साली तो अलाबामात होता. खेळायला मिळाले नाही, निघून गेला. पुढे टेनेसीत दोन हंगामांत मिळून २१० खेपा, म्हणजे हेन्रीच्या एका हंगामाच्या जेमतेम निम्म्याहून थोड्या जास्त. २०१७ च्या व्यावसायिक निवडीत त्याच्याआधी सहासष्ट नावे पुकारली गेली. त्याच वर्षी तो त्या लीगमधला सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला. दोन विद्यापीठांतल्या माणसांनी त्याला रोज सरावात पाहिले होते.

हे सारे मी कर्णधाराला सांगितले. बुशची हकिगत ऐकून ती म्हणाली, "म्हणजे तो हरलेलाच संघ ना? मग जिंकलेल्यांची सांग." मी मिशेलची सांगितली. ती काही बोलली नाही. परवा संध्याकाळच्या सरावात समोर चारच गडी उरलेले असताना तिने मला चढाईला पाठवले. मी पकडली गेले. पुन्हा पाठवले, पुन्हा पकडली गेले. दोघी नावाजलेल्या एकमेकींकडे पाहू लागल्या.

तिसऱ्या वेळीही तिने माझेच नाव घेतले.