रक्ताची नळी ही अमानत

बारावीचा निकाल लागल्यापासून आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो आहे. टिटवाळ्याच्या एक भगिनी तर मुलीची गुणपत्रिका पिशवीत घेऊनच आल्या. विज्ञान शाखा, गुण चांगले, पण डॉक्टरकीला पुरणार नाहीत. त्या म्हणाल्या, "सगळे सांगतात, लॅबचा कोर्स करू द्या. सुई टोचायला आली की झाले. खरे आहे का?"

सुई टोचणे महिनाभराच्या सरावाने येते. या कामाला खरे काय लागते, ते आम्हाला आमच्याच घरात कळले.

दोन पावसाळ्यांपूर्वी धाकट्या भावाला चार दिवस ताप होता. स्टेशनजवळ रक्त दिले, संध्याकाळी अहवाल आला. प्लेटलेट ३८ हजार. निरोगी माणसात हा आकडा साधारण दीड ते साडेचार लाख असतो, आणि दिवस डेंग्यूचे. अम्मीने जानमाज अंथरली, आम्ही भावाला घेऊन लोकलने कल्याण गाठले. तिथल्या रुग्णालयात रात्रपाळीला एक तरुण मुलगी होती. तिने कागद पाहिला, मग भावाकडे पाहिले. हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर लाल ठिपके नाहीत. तिने पुन्हा रक्त घेतले. मशीनने पुन्हा कमीच आकडा दिला. तरी तिचे समाधान होईना. तिने काचपट्टीवर थेंब पसरला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. प्लेटलेट भरपूर होत्या, पण एकमेकींना चिकटून गुच्छ झालेल्या. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचे रसायन असते. काही मोजक्या लोकांच्या प्लेटलेट त्या रसायनात गुच्छ करतात आणि मशीन त्या गुच्छांना प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. तिने निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या नळीत रक्त घेतले. त्या नळीत द्रव जास्त असल्याने आलेला आकडा १.१ ने गुणावा लागतो, तोही हिशेब केला आणि कागद डॉक्टरांपुढे ठेवला. १ लाख ६० हजार. अलहम्दुलिल्लाह.

पहिल्या ठिकाणी सुई उत्तम टोचली होती, भावाला कळलेसुद्धा नाही. पण मशीनने छापले ते कुणी हातात दिले, एवढेच. मशीनवर शंका घेण्याची सवय, आणि शंका आली की रात्री दोन वाजताही पुन्हा तपासण्याची तयारी, हा या व्यवसायाचा पहिला गुण. आमच्या मते दुसऱ्या क्रमांकाचा गुण त्याच्या बराच मागे आहे.

नळ्यांचे रंग पाठ करावे लागतात, ते पाठ होतात. जांभळी हिमोग्रामसाठी, लाल सीरमसाठी, करडी साखरेसाठी, निळी रक्त गोठण्याच्या तपासण्यांसाठी. त्यामागचे कारण समजून घेणारा मुलगा मात्र वेगळा ओळखू येतो. निळ्या नळीत एक भाग द्रवाला नऊ भाग रक्तच हवे. नळी अर्धी भरली तर निकाल चुकतो. जांभळ्या नळीतले थोडेसे रक्त लाल नळीत ओतले, तर पोटॅशियम खोटे वाढते आणि कॅल्शियम खोटे घटते. पिचकारीने जोरात रक्त ओढले की तांबड्या पेशी फुटतात, तेव्हाही पोटॅशियम वाढलेले दिसते, आणि डॉक्टर रुग्णाच्या हृदयाची काळजी करू लागतात. टिटवाळ्यासारख्या गावात बऱ्याच ठिकाणी फक्त नमुना घेतात. तपासणी कल्याण, ठाणे किंवा नवी मुंबईत होते. साध्या नळीत पेशी वेगळ्या न करता रक्त तसेच ठेवले, तर पेशी साखर खात राहतात आणि दर तासाला ती साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. मधुमेही आजीची साखर "छान" आली म्हणून घरात शिरखुर्मा होतो, आणि साखर तर डब्यातल्या प्रवासातच कमी झालेली असते.

अशा वेळी जो म्हणू शकतो, "हा नमुना चालणार नाही, पुन्हा द्यावा लागेल", तो खरा तंत्रज्ञ. रुग्ण चिडतो, मालक चिडतो. मापात कमी करणाऱ्यांना कुरआनने किती कठोर ताकीद दिली आहे, हे आपल्या घरात लहान मुलालाही माहीत असते. ती ताकीद फक्त किराणा दुकानाच्या तराजूपुरती आहे, असे आम्हाला वाटत नाही.

आपल्या वस्त्यांत एक अडचण जास्त आहे, ती नावांची. एकाच सकाळी दोन शबाना शेख बाकावर बसलेल्या असतात. "तुम्ही शबाना शेख ना?" असे विचारले की ऐकू कमी येणारी खालाही मान डोलावते. म्हणून "आपले नाव काय? वय काय?" असे विचारून तिच्याच तोंडून वदवून घ्यायचे, आणि चिठ्ठी रुग्णासमोरच नळीवर चिकटवायची. रक्त घेण्याआधी रिकाम्या नळ्यांवर नावे लिहून ठेवण्याची घाई अनेकांना नडली आहे.

डोळ्यांबद्दल एक सूचना. लाल-हिरव्या रंगांचा भेद न कळण्याचा दोष मुलींपेक्षा मुलांत कितीतरी अधिक असतो, आणि बहुतेकांना तो स्वतःत आहे हे माहीतही नसते. नळ्या, रंगवलेल्या काचपट्ट्या, लघवीच्या पट्ट्या, सगळे रंगांवर चालते. फी भरण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्या. दहा मिनिटांचे काम आहे.

या कामाला नाव मिळत नाही, हेही मुलांना आधीच सांगावे. मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात सापडले ते २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत. त्याचे श्रेय आणि १९०२ चे नोबेल रोनाल्ड रॉसला मिळाले. पण ज्या रुग्णाला चाव्यामागे एक आणा देऊन डास चाववून घेतले, तो हुसेन खान होता. आणि पुढच्या वर्षी कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत रॉसच्या हाताखाली राबणारा सहायक महंमद बक्ष. हे किती घरांना ठाऊक आहे?

आता शिक्षणाचे. बारावी विज्ञान (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) झाल्यावर डीएमएलटी पदविका किंवा पदवी, असे दोन मार्ग आहेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पदवी ३ वर्षे अधिक १ वर्ष प्रत्यक्ष काम अशी आहे. ज्यांना जमेल त्यांनी पदवीच करावी. गल्लीतल्या एका खोलीत "नोकरीची हमी" लावून वर्ग चालवणारे पुष्कळ आहेत. त्यांना एकच विचारा : तुमच्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का? उत्तर तोंडी घेऊ नका, परिषदेकडे खात्री करा.

"कोर्स झाला की स्वतःची लॅब टाकू", हे स्वप्नही अनेक अब्बा पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले की प्रयोगशाळेच्या अहवालावर सही पॅथॉलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची हवी. तंत्रज्ञाला एकट्याच्या सहीने अहवाल देता येत नाही. दागिने गहाण टाकून मशीन घेण्यापूर्वी हे घरात बसून नीट बोलून घ्या.

त्या भगिनींना मुलीच्या सुरक्षिततेची काळजी होती. ती रास्त आहे. कामावर रुजू होण्यापूर्वी कावीळ बी ची लस पूर्ण झालेली हवी, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही, हातमोजे टाळायचे नाहीत. स्कार्फ चालतो, फक्त त्याची टोके अॅप्रनच्या आत असावीत. रात्रपाळी मात्र येणारच. टिटवाळ्याहून कल्याणला जायचे तर शेवटच्या गाड्यांचा विचार आधी करावा. आणि आपल्या अनेक बुजुर्ग स्त्रिया परक्या पुरुषाकडून रक्त द्यायला संकोचून तपासणीच टाळतात. मोहल्ल्यातली एक मुलगी हे काम शिकली, तर त्या दार उघडतील.

जाता जाता त्यांनी विचारले, "रमजानमध्ये ती लोकांचे रक्त घेईल, त्यांच्या रोज्याचे काय?" तपासणीपुरते रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमा सांगतात, मनाच्या समाधानासाठी आपल्या मशिदीतील मौलानांना विचारावे, असे आम्ही म्हणालो. मग मुलीला एक दिवस ओळखीच्या प्रयोगशाळेत सकाळी सात ते दुपारी दोन नुसते बसवायचे ठरले, फी भरण्यापूर्वी. रक्त पाहून चक्कर येते का, सात तास उभे राहवते का, आणि विसाव्या रुग्णाचे नावही ती पहिल्याइतक्याच काळजीने विचारते का, ते तिचे तिलाच कळेल.