गहू वर्ज्य केलेल्या घरातील मसाल्याचा डबा

गव्हाची घट्ट मळलेली कणीक पाण्यात चोळून धुतली असता तिच्यातील पांढरे सत्त्व पाण्यावाटे निघून जाते व हाती रबरासारखा चिवट गोळा उरतो. हा गोळा म्हणजेच ग्लुटेन होय. ज्वारीचे किंवा तांदळाचे पीठ असेच धुतले तर हाती काहीच राहत नाही. ग्रामसेवकांनी हा प्रयोग महिला मंडळाच्या बैठकीत एकदा अवश्य करून दाखवावा. पुढील सर्व विवेचन या चिवट गोळ्याभोवतीच फिरणार आहे.

काही माणसांच्या आतड्यास हा पदार्थ मुळीच सोसत नाही. आतड्याच्या आतील अस्तर झिजते, अन्न अंगी लागत नाही, मूल खुरटते, पोट फुगते, जुलाब होतात; कित्येकदा केवळ रक्तक्षय दिसतो व लोहाच्या गोळ्यांनीही तो हटत नाही. या विकारास सीलिॲक असे म्हणतात. त्याचा गव्हाशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी आपल्या १९५० मधील प्रबंधात मांडला. गहू, जव व राय ही धान्ये जन्मभर वर्ज्य करणे हाच त्यावरील उपाय आहे. मात्र केवळ संशयावरून कोणीही गहू आधीच सोडू नये. गहू सोडल्यानंतर केलेली रक्ततपासणी फसवी ठरू शकते. यास्तव आधी डॉक्टर, मग पथ्य, हा क्रम ग्रामसेवकांनी कटाक्षाने सांगावा.

आपल्याकडे पथ्याचा पहिला भाग तुलनेने सुलभ आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा ही आपलीच धान्ये असून त्यांत हा पदार्थ नाही. खपली गहू मात्र चालतो, असा एक गैरसमज पसरला आहे. खपली हाही गहूच आहे. त्याचे इतर गुण कितीही वाखाणले जावोत, या रोग्याच्या ताटात त्यास स्थान नाही.

खरी अडचण भाकरीत नसून फोडणीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाची पोळी बंद होते, आई वेगळी भाकरी थापते, महिनोन्‌महिने पथ्य चालते, तरीही मुलाच्या अंगी मांस धरत नाही. आणि घरातले सारे मुलावरच चोरून खाल्ल्याचा आळ घेतात. अशा वेळी मुलास रागे भरण्याआधी मसाल्याचा डबा उघडून पाहावा.

हळद, मिरची, धने, जिरे, मोहरी, मेथी, ओवा, तीळ, मिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल यांपैकी एकातही स्वभावतः ग्लुटेन नाही. कोथिंबीर, कढीपत्ता, आले, लसूण यांविषयी तर शंकाच नको. दोष येतो तो मिश्रणातून, आणि त्यात पहिला मान हिंगाचा. अस्सल हिंग म्हणजे अफगाणिस्तान, इराण या बाजूच्या एका झाडाच्या मुळातून स्रवणारा चीक. (हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात २०२० मध्ये त्याची लागवड सुरू झाली आहे.) तो इतका उग्र असतो की, डिंक व पीठ मिसळल्यावाचून सहसा विकला जात नाही. हे पीठ कोठे तांदळाचे, तर कोठे गव्हाचे असते. डबीवर घटक छापलेले असतात, ते वाचावे. सुटा हिंग मात्र या घरात आणूच नये. आयोडीनचा थेंब टाकून परीक्षा करावी असे काहीजण सुचवितात. परंतु आयोडीन पिष्ट आहे एवढेच सांगते, ते तांदळाचे की गव्हाचे हे सांगत नाही. हिंगाशिवाय आमटी होत नाही हेही मला पटत नाही. लसणाची फोडणी देणारी घरे खेडोपाडी आहेत, आणि लसूण न खाणाऱ्यांस जिरे, ओवा व आले पुरेसे आहेत.

हिंगामागोमाग येते मेतकूट. त्यात डाळी व तांदूळ यांबरोबर गहूही भाजून घालण्याची रीत आहे. थालिपिठाच्या भाजणीतही तो अनेक घरी असतो, सातूच्या पिठात तर असतोच. हे तिन्ही पदार्थ गहू वगळून उत्तम होतात. तयार गोडा मसाला, लोणच्याचा मसाला व पापड यांत हिंग असतो, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे पुरे.

आता शेताकडे वळू. रब्बीत गहू व धने एकाच खळ्यावर, एकाच मळणी यंत्रातून निघतात. ग्लुटेनमुक्त म्हणविणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्या देशातील नियम आहे. गव्हाचा एक दाणा सुमारे ४० मिलिग्रॅम भरतो व त्याचा ढोबळमानाने दहावा हिस्सा ग्लुटेन असते. म्हणजे किलोभर धण्यांबरोबर गव्हाचे पाच-सहा दाणे दळले गेले की मर्यादा गाठलीच! अखंड धण्यांतून हे दाणे सुपात घेऊन निवडता येतात. पूड झाल्यावर ब्रह्मदेवासही ते निवडता येणार नाहीत. म्हणून मसाला अखंड घ्यावा, निवडावा, आणि घरच्याच खलबत्त्यात वा मिक्सरमध्ये कुटावा. पिठाच्या गिरणीत तो कदापि देऊ नये. ज्वारीचे दळणही गव्हामागून काढू नये. घरी जाते असेल तर ते पुन्हा मांडावे, नसेल तर गिरणीवाल्यास विनवून, यंत्र साफ झाल्यावर सकाळचे पहिले दळण आपले ठेवावे. कणकेचा हात वा चमचा मसाल्याच्या डब्यात जाऊ नये, हे सांगावयास सोपे व पाळावयास कठीण आहे. त्यापेक्षा रोग्यासाठी वेगळा डबा ठेवणे बरे.

गिरणीपेक्षा मसाल्याचा डंक पुष्कळ बरा, कारण तेथे मुख्यतः मिरची-मसालाच कांडला जातो. तरीही खिरीसाठी गहू तेथे कांडतात काय, हे विचारून घ्यावे. ज्या बचत गटांकडे स्वतःचे कांडप यंत्र आहे, त्यांनी त्यावर गव्हास पूर्ण मज्जाव केला व हिंगाविना मसाला केला, तर पंचक्रोशीतील अशा एक-दोन घरांची मोठी सोय होईल. मात्र प्रयोगशाळेच्या तपासणीवाचून पुडीवर ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापण्याचा मोह त्यांनी आवरावा. गहू व हिंग घातलेला नाही, आणि या यंत्रावर गहू कांडला जात नाही, एवढेच खरे ते लिहावे. ज्या आईस ती पुडी न्यावयाची आहे, तिला तेवढेच जाणून घ्यावयाचे असते.