सासऱ्यांची बंदूक आणि सोन्याचा काटा

वारसाहक्काने माणसाला काय मिळावे यावर काहीतरी बंधन हवे, असे माझे ठाम मत आहे. कोणाला शेत मिळते, कोणाला मधुमेह. आमच्या मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, त्यांच्या वडिलांकडून रायफल मिळाली. .२७५ बोअरची, अस्सल विलायती. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला १९०७ साली बक्षीस मिळालेली रायफल याच जातीची, हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीपासून ऐकतो आहे. सौभाग्यवतींनी माहेरून आणखी काय आणले ते आठवत नाही. हे वाक्य मात्र आणले.

पुढे मालगुजारी १९५१ साली गेली. वाघाच्या शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कुलूप लागले आणि उरल्यासुरल्या रानडुकराची चैनही १९९१ च्या दुरुस्तीने संपली. वाडा विकून मामाजी मनीषनगरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आले. रायफल सोबत आली. निवडणूक लागली की ती ऑटोत बसून ठाण्यात जमा व्हायला जाते आणि निकालानंतर परत येते. लोकशाहीशी एवढा नियमित संबंध माझाही नाही.

अडचण काडतुसांची. आपल्या सरकारी कारखान्यांचा भर .३१५ सारख्या ठरलेल्या मापांवर, आणि परदेशातून मागवायचे तर सामान्य परवानेदाराला आयातीचे दार बंद. गेल्या दिवाळीत मामाजींनी बिस्किटांचा डबा उघडला. आत अकरा रिकाम्या पितळी पुंगळ्या.

"जावईबापू, ह्या घरीच भरू. टोपी बदलायची, दारू भरायची, गोळी बसवायची. अमेरिकेत तर लोकं गॅरेजमंदी भरून राहिले. तुम्ही फक्त बँकेतला सोन्याचा काटा शनिवार-रविवारसाठी आणून द्या ना बापा!"

सोनेतारणाचा काटा! ज्या काट्यावर मंगळसूत्र तोलताना सराफ श्वास रोखतो, तो मी पिशवीत घालून बेसा रोडने आणायचा. नोकरी उरलीच तर ती कोणत्या तुरुंगातून करायची, तेही ठरवायला हवे होते.

न्यायाने बोलायचे तर ही विद्या हलकी नाही. जिथे कायदा परवानगी देतो तिथले हौशी लोक ती देवपूजेच्या निगुतीने करतात. दारू ग्रेनमध्ये तोलतात. ग्रेन म्हणजे साधारण पासष्ट मिलिग्रॅम. एका पौंडात सात हजार. मी बी.कॉम. माणूस, बारीक हिशेबाचा मला आदरच आहे. पण आमच्या धंद्यात चुकीची नोंद झाली तर उलटी नोंद टाकता येते, वर साहेबांची सही मिळते. एका पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तर उलटी नोंद नळीच टाकते, आणि ती गालाशी धरलेली असते. मामाजी तर बीपीची गोळी सकाळी घेतली की नाही, हे रोज मामीजींना विचारतात!

"अन् कायदा?" मी विचारले.

"घरच्या बंदुकीले काय कायदा?"

आहे ना! शस्त्र कायदा, १९५९, कलम ५. परवाना बंदूक बाळगण्याचा. काडतूस बनवण्याचा वेगळा लागतो. तो नसताना बनवले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. बरे, देशभरातल्या स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या खात्याचे मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर. त्यांच्या नाकासमोर, स्वयंपाकघरात, गॅस सिलिंडरपासून चार हातांवर हा कुटिरोद्योग काढायचा!

खानदानी अब्रूचा मुद्दा निघतोच. मला तो कधी पटला नाही. आजोबांनी जंगलात बार काढला, म्हणून नातवाने फ्लॅटमध्ये बार उडवावा हे कोणत्या कुलाचारात बसते? वरच्या मजल्यावर एक बाई शिकवणी घेतात. संध्याकाळी जिन्यावर पंधरा-वीस पोरांच्या चपला असतात. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या बाजारगावच्या कारखान्यात स्फोट झाला, नऊ माणसे गेली. ती तर रोज हेच काम करणारी, शिकलेली माणसे होती. हे मी मामाजींना सांगितले तेव्हा ते पहिल्यांदा गप्प बसले. मामीजींनी डबा उचलला. त्यात आता मोहरी आहे. पुंगळ्या मामाजींनी पुसून कपाटात ठेवल्या. बंदूक बंदच आहे, ती कोणाचे वाईट करत नाही.

मला वाटले, खाते बंद झाले. परवा मात्र मामाजी नियमांचा कागद घेऊन आले. सत्तरी झाली किंवा पंचवीस वर्षे परवाना बाळगला, की हयातीतच बंदूक वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो म्हणे.

"पोरगा पुण्याले असते," ते मायेने म्हणाले. "तुम्ही जवळ राहता. तुमचंच नाव टाकून राहिलो."

आतून सौभाग्यवती म्हणाल्या, "यांचे दोन फोटो पाकिटात आहेत, बाबा."