गोंगाट कोणाचा?



या महिन्यात भित्तिपत्रकासाठी 'माझे मत' लिहायचे होते. पुष्कळ जणांनी झाडे लावा यावर लिहिले आहे. मी वर्गातल्या गोंगाटावर लिहितो. माझे मत असे आहे, की बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहिणे बंद करावे.

आमच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून ४३ मुले आहेत. खोल्या दोन, शिक्षक दोन. पहिली-दुसरी बाईंकडे आणि तिसरी-चौथी गुरुजींकडे. शिक्षण हक्क कायद्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असे दिलेले आहे, म्हणून आम्हाला तिसरे गुरुजी काही मिळत नाहीत. गुरुजी तिसरीला भागाकार शिकवतात तेव्हा चौथी रिकामी असते. आम्हाला शिकवतात तेव्हा तिसरी रिकामी. त्यातच गुरुजींना ऑनलाइन माहिती भरायची असते, खिचडीचा तांदूळ मोजून द्यायचा असतो, निवडणूक आली की तिचेही काम असते. गुरुजी बाहेर गेले की वर्गनायक खडू घेतो आणि फळ्याच्या कोपऱ्यात नावे लिहितो. बोलला की नावापुढे फुली. पाच फुल्या झाल्या की खेळाच्या तासाला आत बसायचे.

मी आठ दिवस नीट बघितले. वर्गनायकाच्या दोस्ताचे नाव एकदाही आले नाही. ज्याच्याशी सकाळी गोट्यांवरून भांडण झाले त्याचे मात्र सगळ्यात वर. मग तो ओरडतो, "मी कुठं बोललो?" दुसरा म्हणतो, "बोललास की!" तिसरा साक्ष द्यायला उठतो. म्हणजे गोंगाट थांबवायला नावे लिहायची आणि नावांमुळेच जास्त गोंगाट व्हायचा. शिवाय वर्गनायक स्वतः काही शिकत नाही ते वेगळेच. त्याचे सगळे लक्ष आमच्या तोंडाकडे.

पण मला खरे सांगायचे आहे ते निराळेच. आमच्या गावातली बरीच माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. काहींची मुले आजीजवळ राहतात, काहींना बरोबरच जावे लागते. तिसरीतला एक मुलगा गेल्या वर्षी असाच गेला होता. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्चच्या शेवटी तो परत आला. तोवर पुस्तक संपत आले होते. तो शेजारच्याला हळूच विचारायचा, "कोणतं पान चाललंय? हे कसं करायचं?" विचारले की फुली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, पुन्हा फुली. पाचव्या दिवशी खेळाच्या तासाला तो एकटा आत बसला होता. त्यानंतर त्याने विचारणेच सोडले. वर्ग शांत झाला हे खरे, पण त्याला काही आले नाही. पुढे तो शेळ्यांमागे दिसायला लागला. त्याची आजी म्हणाली, "त्याला शाळा नको वाटतीय."

माझे म्हणणे असे, की फळ्यावर 'बोलला' एवढेच दिसते. काय बोलला ते कुठे दिसते?

माझी आजी म्हणते, "आमच्या टायमाला मास्तर छडी घेऊनच यायचे, अंगठे धरायला लावायचे. पोरं कशी गप बसायची!" मी विचारले, "आजी, तू कितवीपर्यंत शिकलीस?" ती म्हणाली, "दुसरी." छडीच्या भीतीने तिने शाळा सोडली होती. आता छडी बंद आहे. २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात मुलांना मारायचे नाही आणि त्यांच्या मनाला त्रास होईल असेही काही करायचे नाही, असे आहे. फळ्यावर नाव लागले तर अंग दुखत नाही, पण सगळे बघतात.

कोणी म्हणेल, मग वर्ग सांभाळायचा कसा? गुरुजींना काय चार हात आहेत? ते मलाही पटते. पण एकदा गुरुजी निवडणुकीच्या कामाला गेले होते आणि बाई एकट्या होत्या. बाईंनी चौथीच्या प्रत्येकाला पहिली-दुसरीतली दोन-दोन मुले वाटून दिली. आम्ही त्यांना चिंचोके दहा-दहाचे ढीग करून दशक शिकवले. माझ्या वाट्याला आलेली एक मुलगी चिंचोके तोंडातच घालत होती, तिला सांभाळणे फार कठीण गेले. आवाज तर होताच, पण कोणी भांडले नाही. बाईंनी एकदाही "गप्प बसा" म्हटले नाही.

गुरुजींनी नंतर आम्हाला सांगितले, की ही युक्ती फार जुनी आहे. अँड्र्यू बेल नावाचे एक साहेब १७८७ मध्ये मद्रासला आले. तिथल्या अनाथ मुलांच्या शाळेचे काम त्यांच्याकडे होते. गावची मुले वाळूत बोटाने अक्षरे काढून शिकताना त्यांनी पाहिली. मग त्यांनी आपल्या शाळेतही वाळू आणली आणि मोठ्या मुलांना लहानांना शिकवायला लावले. पुढे ही पद्धत मद्रास पद्धत म्हणून विलायतेला गेली. म्हणजे मॉनिटरला शिकवायचे काम होते! आमच्याकडे नुसता खडू आला.

म्हणून माझे असे सुचवणे आहे. गुरुजी बाहेर जाताना फळ्यावर काम लिहून जावेत. ते लवकर झाले तर चौथीने तिसरीच्या गटात जाऊन बसावे. ज्याला अडले त्याला शेजाऱ्याला विचारायची मोकळीक असावी, हळू आवाजात. खूपच आवाज झाला तर वर्गनायकाने फक्त हात वर करावा, आम्ही सगळे करू. वर्गनायक दर आठवड्याला बदलावा, मुलींनाही पाळी द्यावी. आतापर्यंत एकही मुलगी झालेली नाही, आणि ते का, हे मला कोणी सांगितलेले नाही.

या वर्षीही मार्चमध्ये ऊसतोडीची मुले परत येतील. तिसरीत दोन आणि आमच्या वर्गात एक आहे. आमच्या वर्गातल्याला मी माझ्या शेजारी बसवीन, जागा आहे. तिसरीतल्या दोघांना कोण घेणार, त्यांनी गुरुजींकडे नाव द्यावे.