थांबा, आमची बारी आहे!

आमच्या मंचरच्या घरात दर मे महिन्यात लढाई होते. पूर्वी ती आंब्याच्या बाठ्यावरून व्हायची. हल्ली ती टीव्हीच्या पडद्यावर होते. नातू पुण्याहून येताना एक जपानी खेळ घेऊन येतो आणि मी, वय वर्षे ७२, चष्मा पुसून शेजारी बसतो.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पडद्यावर एका बाजूला तीन पोरं, दुसऱ्या बाजूला एक अजस्र राक्षस आणि मधे कमालीची शांतता. कोणी म्हणून हल्ला करीना.

"बंद पडलं का रे?"

"नाही आबा. आपली पाळी आहे. तो थांबलाय."

राक्षस थांबलाय! मंडळी, आयुष्यभर माझ्यासाठी कोणी थांबलं नाही. एसटी थांबली नाही, रेशनच्या रांगेतला मागचा गृहस्थ थांबला नाही, बोलताना आमची सौ. तर कधीच थांबली नाही. आणि हा डोंगराएवढा राक्षस मी चहा संपवीपर्यंत उभा! त्याच क्षणी मी या खेळाचा भक्त झालो.

खेळ होता 'फायनल फँटसी'चा २००१ सालचा दहावा भाग. कोपऱ्यात पाळ्यांची यादी लावलेली असते. आधी कोण, मग कोण, सगळं जाहीर. भारी काम केलं की पुढची पाळी उशिरा येते, हलकं केलं की लवकर. उडणाऱ्या शत्रूला चेंडूवाला वाका, चिलखतवाल्याला ऑरन, जादूनंच नमणाऱ्याला लुलू. आणि मार बसला की बरं करायला युना. मधेच माणूस बदलायचीही सोय. थोडक्यात, लग्नघरातलं नियोजन. आचाऱ्याला मांडवात आणि भटजींना चुलीपाशी पाठवलं की झालाच पराभव.

तर २०२३ मध्ये या मालिकेचा सोळावा भाग आला, आणि त्यात पाळीच नाही! एकच नायक आपल्या हातात. राक्षस धावत येतो, तुम्ही उडी मारा, चुकवा, बटणं बडवा. माझी बोटं बटणापर्यंत पोचायच्या आत नायक तीनदा मेला. नातू म्हणाला, "आबा, पाळीपाळीनं लढणं आता जुनं झालं. बावळटपणा वाटतो. खरा शत्रू थांबतो का?"

इथं मात्र माझं डोकं फिरलं.

खरा शत्रू थांबत नाही, कबूल. पण बुद्धिबळात घोड्याची चाल चालू असताना हत्ती येऊन त्याला तुडवतो का? आणि लढाई खरीच हवी, तर त्या नव्या खेळात मेलेला नायक पुन्हा उठतो कसा? मरण खोटं चालतं, थांबणं तेवढं खोटं चालत नाही!

नातू हुशार. त्यानं शिवनेरी काढला. "आबा, जुन्नर शेजारी असताना तुम्ही पाळीची लढाई सांगता? गनिमी काव्यात पाळी असते?" मी म्हटलं, बाळा, गनिमी काव्यात घाई दिसते ती शेवटच्या घटकेला. त्याआधी कुठली वाट, कुठली वेळ, कुठला माणूस, हा विचार असतो. तुझ्या बटणं बडवण्यात तो कुठे आहे?

आणि आपल्या जुन्नर-आंबेगावच्या बैलगाड्यांचं काय? परमुलखात सगळे गाडे एकदम पळत असतील. आमच्या घाटात एका वेळी एकच गाडा. चार बैल, पुढे घोडी, आणि हातात घड्याळ. ज्याची बारी त्यानं पळायचं, बाकीच्यांनी पाहायचं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी दिली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं कायदा मान्य केला. शर्यत असावी की नसावी यावर इतका काथ्याकूट झाला. पण 'थांबलेला गाडा बावळट दिसतो' असं म्हणणारा एकही भेटला नाही. बारीची वाट पाहताना जी छाती धडधडते, तीच तर गंमत!

जपान्यांनाही हे ठाऊक होतं. १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये यादीतून निवड करायची: लढा, मंत्र टाका, पळा. १९९१ मध्ये 'फायनल फँटसी'च्या चौथ्या भागात इतो नावाच्या गृहस्थानं धावती वेळ आणली. ती पुरी झाली की तुमची पाळी. मोटारींच्या शर्यती पाहून सुचली म्हणे. तिथून घाई शिरली. तरीही विचार करताना घड्याळ थांबवायची सोय पुढच्या भागांत ठेवलीच. आणि २०२५ मध्ये फ्रेंचांनी पाळीपाळीचाच एक खेळ काढला, तो जगानं डोक्यावर घेतला. त्यातही ऐन वेळी वार चुकवायचं बटण आहे, हे नातवानं मला मुद्दाम ऐकवलं. ठीक आहे. निदान राक्षस रांगेत उभा राहतो ना!

माझं भांडण तरुणांच्या चपळाईशी नाही. पळा, उड्या मारा. भांडण आहे ते घाईला प्रगती म्हणण्याशी. पाळीच्या खेळात चौदा वर्षांचा आणि बहात्तर वर्षांचा एका पाटावर बसतात. पाळी काढली की एक खेळतो आणि दुसरा 'वा वा' म्हणतो.

नातवाला दया आली. त्या नव्या खेळात काही अंगठ्या असतात. घातल्या की नायक आपोआप वार चुकवतो. "तुमच्यासाठी घालतो, आबा." मी म्हटलं, "सगळं आपोआप होणार, तर मी काय नुसती अंगठी घालून बसू? ते एकदा लग्नात करून झालंय."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठला, नवा खेळ काढला, जुना लावला. राक्षस होता तिथेच उभा होता.

"घ्या आबा, तुमची बारी."

चहा गार झालाय. सौ. जेवायला हाका मारतेय. मी अजून विचार करतोय.