तुंबडीचा जमाखर्च

मान धरली, कंबर आखडली की पूर्वी खेड्यापाड्यांत वैदूची वाट पाहिली जात असे. दुखऱ्या जागी तुंबडी लावून तो ‘वाईट रक्त’ ओढून काढी आणि पुढच्या गावाची वाट धरी. तीच तुंबडी आता काचेच्या पेल्याच्या रूपाने, ‘कपिंग’ या नावाने शहरांत परतली आहे. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्स याच्या खांद्यावरील जांभळी वर्तुळे साऱ्या जगाने पाहिली आणि या उपचाराविषयीचे कुतूहल वाढले.

वस्तुतः ही पद्धत आपल्याला परकी नाही. सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणासाठी शृंग, जलौका आणि अलाबू, म्हणजे शिंग, जळू आणि भोपळा, ही साधने अनुक्रमे वात, पित्त व कफ यांच्या दोषांवर सांगितली आहेत. युनानी वैद्यकात यालाच ‘हिजामा’ म्हणतात. नाशिक येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आयुर्वेदाबरोबर युनानी शिक्षणही येते. जिल्ह्यात मालेगावच्या मन्सुरा येथे तिब्बिया महाविद्यालयही आहे.

क्रिया साधी आहे. ज्योतीने पेल्यातील हवा तापते, निवताना तिचा दाब घटतो आणि त्वचा आत ओढली जाते. सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटून डाग उमटतो. तो काही दिवसांत मावळतो. ही कोरडी तुंबडी. ओल्या प्रकारात त्वचेवर बारीक छेद घेऊन थोडे रक्त काढतात.

आता जमेची बाजू. जागतिक आरोग्य संघटनेच्या 26 प्रश्नांच्या प्रश्नावलीत जीवनमान शरीर, मन, नातेसंबंध व परिसर अशा चार अंगांनी मोजले जाते. ज्येष्ठांच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ आहे: रात्री सलग झोप लागावी, मंदिराच्या पायऱ्या चढता याव्यात, सामायिकाची 48 मिनिटे स्थिर बसता यावे. मान व कंबरेच्या जुनाट दुखण्यात तुंबडीने काही काळ आराम पडल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मात्र यांतील बऱ्याच चाचण्या लहान आहेत. शिवाय पेला लागल्याचे रुग्णाला कळतेच. त्यामुळे आरामात पेल्याचा वाटा किती आणि विश्वासाचा किती, हे वेगळे काढणे कठीण असते.

खर्चाची बाजू मात्र निश्चित आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी, तसेच रक्तक्षय वा अनियंत्रित मधुमेह असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून ओली तुंबडी लावून घेऊ नये. एकाचे पाते दुसऱ्यास वापरल्यास कावीळ-बी, कावीळ-सी व एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. सर्वांत मोठी हानी विलंबाची. हातापायांत बधिरपणा, अकारण घटणारे वजन, छातीतून खांद्याकडे सरकणारी कळ ही तुंबडीची कामे नव्हेत. तेथे आधी निदान हवे.

म्हणून नोंदणीकृत वैद्य, समोर फोडलेले नवे पाते आणि आधी झालेली तपासणी या तीन गोष्टी असतील, तरच पेल्याखाली पाठ द्यावी. चालू औषधे परस्पर थांबवू नयेत. ‘सर्व रोगांवर एकच उपाय’ असे सांगणारा भेटला, तर तो दुखणे ओढून काढणार नाही. स्वतःची तुंबडी मात्र भरील.